करंजीच्या घाटात गाडीला हळद लागली

सुप्याहून निघताना गाडीखाली वाकून बघणारा मी एकटाच होतो. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, "काय हरवलं?" मी म्हणालो, "चप्पल." चपला माझ्या पायात होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी डिकीत ठेवायला निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायको असल्या उत्तरांच्या मागे लागत नाही.

गाडीखालची फरशी कोरडी होती. मला फार बरं वाटलं. तरीही मी पाण्याच्या मोठ्या बाटल्या भरून पायाशी ठेवल्या.

प्रवास मोठा नव्हता. सुप्याहून नगर, पुढे करंजीचा घाट, आणि तिसगावच्या अलीकडे आत वळलं की माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं गाव. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीच्या कंडक्टरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडातून अजून नगरच निघतं. गाडी जावयाची, चालवणार जावई. मागे सुनंदा आणि आमची मुलगी रोहिणी. पुढे मी.

अधिक महिना चालू होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे घरातला देव. लेकीला आणि त्याला बोलवायचं, धोंडे (पुरण भरून वाफवलेले कणकेचे उंडे) खायला घालायचे, वाण द्यायचं, आणि त्याच्याबद्दल, त्याच्या माणसांबद्दल, त्याच्या वस्तूंबद्दल एक वाकडा शब्द काढायचा नाही. आमच्या घरचं जेवण आदल्या दिवशी झालं होतं. आता आक्काचा हट्ट होता की भाचजावई तिच्या दारात जेवला पाहिजे.

आमचे अमोलराव नगरच्या एका कारखान्यात आहेत. कमी बोलतात, मीही कमी बोलतो, त्यामुळे आमचं चांगलं जमतं असं सगळे समजतात. गाडी त्यांनी नुकतीच घेतली होती, जुनीच, पण त्यांच्या जिवलग मित्राची. सचिन त्याचं नाव. त्याने ती जिवापाड जपली होती. अमोलरावांच्या वडिलांनी बजावलं होतं, "मित्राकडून गाडी घेऊ नये. गाडी जाते ती जाते, मित्रही जातो." अमोलरावांनी ऐकलं नाही. "सचिनची गाडी आहे, डोळे झाकून घेतली," असं ते आदल्या दिवशी जेवताना मला म्हणाले होते.

आणि आदल्याच दिवशी संध्याकाळी मी ती ठोकली होती.

हे मी पहिल्यांदाच असं सरळ लिहितोय. झालं असं, की जावयाला वाण म्हणून गाडीची टाकी भरून द्यावी असं माझ्या मनात आलं. हातात काही दिलं की ते घेत नाहीत. म्हणून ते जरा पडले असताना टीव्हीवरची किल्ली उचलली आणि पंपावर जाऊन आलो. येताना आमच्या गल्लीत तात्यांची ट्रॉली उभी होती. तात्या आमचे शेजारी. हंगामात त्यांची ट्रॉली कारखान्याला ऊस ओढते आणि उन्हाळाभर गल्लीत तोंड पुढे काढून बसते. तिला ट्रॅक्टरला जोडायची जी लोखंडी दांडी असते ती बरोबर माझ्या रस्त्यात होती. गाडीला बाजूने ओरखडा येऊ नये म्हणून मी सगळं लक्ष आरशात ठेवलं. समोर बघायचं राहिलं. टक असा आवाज आला, मोठा नव्हे, दार लावल्यासारखा. उतरून बघितलं तर जाळी जागेवर, दिवे जागेवर, खाली बंपरला थोडा लाल रंग लागलेला. मी रुमालाने पुसला. बराचसा निघाला.

घरी जाऊन सांगायचं ठरवलं होतं. पण दारातच अमोलराव उभे. गाडीत डोकावून, काटा बघून म्हणाले, "मामा, टाकी फुल्ल? कशाला केलंत एवढं?" आणि वाकून माझ्या पाया पडले. पाया पडणाऱ्या माणसाला मागून काय सांगणार, की तुमची गाडी ठोकून आलोय?

तर असे आम्ही निघालो.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी सुटत होती. डोंगरावरच्या पवनचक्क्या कुठलीही घाई नसल्यासारख्या फिरत होत्या. रस्ता गुळगुळीत, गाडीत गारवा, मागे मायलेकींचं बोलणं. माझी नजर मात्र उष्णतेच्या काट्यावर. काटा मधोमध बसला होता. नगर येईपर्यंत तो हलला नाही आणि माझा जीव भांड्यात पडला. नगरमध्ये थांबून भेळभत्ता घेतला, आक्काच्या घरासाठी पेढे घेतले. भिंगार मागे पडलं, चांदबिबीच्या महालाचा डोंगर खिडकीतून दिसेनासा झाला आणि ऊन चढलं.

मेहेकरीच्या पुढे सुनंदा म्हणाली, "कसला तरी गोड वास येतोय. गाडीत उदबत्ती लावता का हो?"

"नाही आई," अमोलराव म्हणाले.

"छान आहे पण वास."

मला वास कळला होता. आमच्या कारखान्यात मी भांडारात आहे, तिथे कूलंटचे डबे असतात. इंजिन गार ठेवणारं ते पाणी सांडलं की असाच गोडसर वास येतो. मी खिडकी खाली केली आणि म्हणालो, "एरंडाचा असेल. इकडं एरंड फार."

थोड्या वेळाने गार हवेच्या जाळीतून कोमट हवा यायला लागली. आता गंमत बघा, गाडीत चार माणसं घामाने भिजलेली, आणि एकाने तोंड उघडलं नाही. जावयाची गाडी, धोंड्याचा महिना. उलट सुनंदा म्हणाली, "बरं झालं. त्या गार हवेनं माझे गुडघे धरतात." रोहिणी म्हणाली, "खरी हवाच बरी." अमोलराव लाजून जाळीची दिशा बदलत राहिले. काटा वर सरकत होता आणि तो बघणारे आम्ही दोघेच होतो, एक चालवणारा आणि एक ठोकणारा.

घाटाच्या चढाला बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. अमोलरावांनी चहाच्या टपरीशी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर आत मळणीयंत्र चालू असल्यासारखा आवाज. ते रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तेवढ्यात टपरीवाले किटली टाकून धावत आले.

"अय पावणं, हात काढा. तोंड भाजंल. आमच्या दारात रोज एक भाजतो."

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. जावयाच्या हाताला काळं लागलं म्हणून सुनंदा पदर ओला करून पुसायला गेली, ते मागे मागे सरकत राहिले. समोर गर्भगिरीचे डोंगर भाजून तांबूस झाले होते. उतारावर कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेचा हिरवा तुकडा तेवढा उठून दिसत होता, आणि तिथेही टँकरच पाणी ओतत होता.

गाडी निवाल्यावर टपरीवाल्यांनी पोत्याचा तुकडा टाकून टोपण सोडलं. आत पाणी दिसेना. त्यांनी डोकं हलवलं.

"हळद हाय का?"

"हळद?" रोहिणी म्हणाली.

"बारीक भोक असंल तर हळदीनं बसतं. आमच्याकडचे समदे टेम्पोवाले टाकत्यात. करंजीपातूर तर जाल."

हळद होती. आक्काच्या घरी जावयाचं औक्षण करायचं म्हणून सुनंदाने घरची हळद दळून, गाळून, छान डबीत आणली होती. तिने डबी छातीशी धरली. मग जावयाकडे बघितलं. त्याच्याच कामाला आणली होती, त्याच्याच कामाला गेली. माझ्या बाटल्यांतलं पाणी आणि डबीभर हळद रेडिएटरमध्ये पडली. वरून टपरीवाल्यांनी, सवयच असावी, बोटाला राहिलेली हळद बॉनेटला लावली.

"एवढं पाणी कसं काय आणलंत, पप्पा?" रोहिणीने विचारलं.

"उन्हाळा आहे," मी म्हणालो.

पुढे उतार होता म्हणून आम्ही करंजीला पोचलो. रस्त्याकडेला कडुनिंबाखाली गॅरेज. मालक बबनभाऊ. आवाज एवढा मोठा की इंजिन बंद करायला सांगायची गरजच पडली नाही, ते बोलायला लागले की इंजिन ऐकू येत नसे. त्यांनी टोपण उघडलं, आत बोट घातलं आणि पिवळं बोट सगळ्यांना दाखवलं.

"लगीन कवा हाय गाडीचं?"

रोहिणीला हसू आवरेना. अमोलराव सोडून सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

"बरं. दादा, गाडी कुठं आदळली-बिदळली का?"

"छे," अमोलराव म्हणाले. "माझ्या हातून एक ओरखडा नाही."

बबनभाऊंनी माझ्याकडे बघितलं. "काका?"

मी कडुनिंबाकडे बघितलं. "झाड छान आहे," म्हणालो.

मग त्यांनी शोध सुरू केला. प्रथम म्हणाले टोपणाचं रबर गेलंय, डोळे झाकून सांगतो, माझा शब्द खाली पडत नाही. दुसरं टोपण बसवलं, इंजिन चालू ठेवलं, पाणी तरीही कमी झालं. मग म्हणाले नळीची क्लिप ढिली, शंभर टक्के. सगळ्या क्लिपा आवळल्या. मग पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली आरसा धरून बघितलं. तो कोरडा. मग पुढच्या सीटवर टेकलेल्या रोहिणीला उठवून तिच्या पायाखालची सतरंजी चाचपली, कारण गाडीतल्या हीटरची नळी फुटली तर तिथे ओल येते. तीही कोरडी. शेवटी ऑइलची कांडी काढून उजेडात धरली. ऑइलला दुधाचा रंग आला असता तर इंजिनचंच काम निघालं असतं. ऑइल काळं होतं. अमोलरावांनी श्वास सोडला.

"गार असताना गळत न्हाई, तापल्यावर गळती. म्हंजे चीर हाय. बारीक," बबनभाऊ म्हणाले. "आदळली न्हाई म्हणता ना?"

"नाही हो."

"मग मला हवा भरून बघावी लागंल."

त्यांच्याकडे एक जुनं टोपण होतं, त्याला ट्यूबचा वॉल्व्ह डकवलेला. ते रेडिएटरवर घट्ट बसवलं आणि वॉल्व्हला सायकलचा पंप. तापल्यावर आत जेवढा दाब होतो तेवढा हवेने करायचा, म्हणजे गार गाडी गरम असल्यासारखी गळते. "कोण मारतंय हवा?"

अमोलराव पुढे झाले. सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्ही मारा की. जावयाला काय लावता?"

म्हणून मी पंप मारायला लागलो. बबनभाऊ खाली पाठीवर आडवे, बॅटरी हातात. "मारा काका. अजून. अजून थोडी." मी मारत होतो आणि मनात म्हणत होतो, नको सापडू. पण हात थांबत नव्हते. एकीकडे असंही वाटत होतं की सापडू दे एकदाचं.

"थांबा," खालून आवाज आला. "देवा. हळद कामाला आली."

आम्ही सगळे वाकलो. रेडिएटरच्या कडेला जी प्लास्टिकची उभी टाकी असते तिच्या खालच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ होती आणि तिच्यातून केशरी पिवळा थेंब फुगत होता. साधं पाणी असतं तर त्या काळ्या प्लास्टिकवर दिसलंही नसतं. हळदीने भोक बुजलं नव्हतं, पण पत्ता सांगितला होता.

"ही आपोआप गेलेली न्हाई," बबनभाऊ अंग झटकत बाहेर आले. "खालची पट्टी आत दबलीय बघा. तिनं टाकीला ढकललंय. आन् हे काय?" त्यांनी बंपरच्या खालच्या ओठावर नख ओढलं. नखात लाल रंग आला. "ही गाडी ठोकलेली हाय दादा. कुणीतरी ठोकून, पुसून, गप बसलंय."

हे वाक्य ते अमोलरावांकडे बघून बोलले, पण मला ते पाठीत बसलं.

अमोलरावांनी तो लाल रंग स्वतःच्या नखाने खरवडून बघितला. मग अगदी हळू म्हणाले, "सचिन."

"अहो, असं कसं म्हणता?" रोहिणी म्हणाली.

"मग कोण? माझ्याकडं आल्यापासून मीच चालवतोय. काल मामांनी पंपावर नेली तेवढीच, आणि मामा असं लपवणार नाहीत."

"ते असं करणार नाहीत. मामंजींच्या ऑपरेशनला रात्रभर बसले होते ते."

"म्हणूनच तर डोळे झाकून घेतली." त्यांनी फोन काढला. "बाबा म्हणाले होते तेच खरं."

तेव्हाही मी बोललो असतो तर पुष्कळ वाचलं असतं. मी बोललो नाही. पंप हातात धरून उभा राहिलो. हात तेलकट झाल्याने अमोलरावांनी फोन टायरच्या थप्पीवर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून आनंदी आवाज आला.

"बोल जावईबापू. किती हाणले धोंडे?"

"गाडी कुठं ठोकली होतीस?"

"काय?"

"रेडिएटर फुटलाय. पट्टी दबलीय. लाल रंग लागलाय. कुठं ठोकलीस ते सांग, बास."

"अम्या, शुद्धीत आहेस ना? माझ्या हातून त्या गाडीला कधी—"

"मिस्त्री सांगतोय ना समोर."

मग तोच आवाज, पण कुणा दुसऱ्याचा वाटावा असा. "ठीक आहे. गाडी आणून लाव माझ्या दारात. मी परत घेतो. वाद नको. पण यानंतर मला फोन करू नकोस."

अमोलरावांचा चेहरा पडला. पण तेही हट्टाला पेटले होते. फोन उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"अमोलराव, थांबा," मी म्हणालो. मी वाकून त्या फोनशी बोलायला लागलो, देवळात गाऱ्हाणं घालतात तसा. "सचिनराव, मी अमोलरावांचा सासरा बोलतोय. गाडी तुम्ही नाही ठोकली. मी ठोकली. काल संध्याकाळी. आमच्या गल्लीतल्या ट्रॉलीवर."

पहिले भानावर आले ते बबनभाऊ.

"काका, मी तुमाला इचारलं हुतं."

"हो."

"एकदा न्हाई. दोनदा इचारलं. तुमी म्हणला झाड छान हाय."

"झाड छानच आहे."

"अहो मी टोपण बदललं, क्लिपा आवळल्या, ताईंच्या पायाखालची सतरंजी काढली. आल्याबरूबर बोलला असता तर एव्हाना तुमी जेवून ढेकर दिला असता."

सुनंदा म्हणाली, "तरीच रात्री जेवण गेलं नाही. मला वाटलं, लेक उद्या जाणार म्हणून." आणि मग, "म्हणून ती चप्पल?"

"म्हणून चप्पल."

"आणि एरंड?" रोहिणीने विचारलं.

"एरंडही नव्हता."

अमोलराव रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकटे असे कधी उभे राहिलो नव्हतो. मी म्हणालो, "तुम्ही पाया पडलात, तिथं माझी वाचा गेली. मला बोला काय बोलायचं ते. महिना-बिहिना बघू नका."

"तुम्हाला काय बोलू, मामा? मला सांगितलं असतंत तर मी हसलो असतो. पण मी त्याला काय बोललो ते ऐकलंत ना तुम्ही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याचं मी काय करू?"

एवढंच म्हणालो, "जाताना आपण दोघं जाऊ त्याच्याकडं. पुढं मी उभा राहतो."

मागे टायरवर फोन अजून चालूच होता. त्यातून आवाज आला, "मी ऐकतोय बरं का. जाऊ द्या काका. अम्याला सांगा, घसा सुकला असेल, पाणी पी म्हणावं." आणि फोन बंद झाला. तो चिडून बंद झाला की हसून, ते कळलं नाही.

नवीन रेडिएटर करंजीत मिळणार नव्हता. बबनभाऊंनी बंपर उतरवला, रेडिएटर बाहेर काढला, नळीखाली धरून हळद धुऊन टाकली. मोरीकडे पाणी देव्हाऱ्याखालच्या पाण्यासारखं पिवळं वाहिलं. चिरेच्या दोन्ही टोकांना सुईएवढी भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग तारेच्या जाळीची पट्टी तापल्या इस्त्रीने प्लास्टिकमध्ये वितळवून बसवली, वर लांबी (भेगा भरायचा लगदा) लावली. ती वाळेपर्यंत दबलेली पट्टी ठोकून सरळ केली. भरताना कूलंटमध्ये जारचं पाणी घातलं. बोरचं घालू दिलं नाही. "आमच्या पान्यात क्षार लई. चहाची भांडी पांढरी होत्यात, रेडिएटरचं काय घेऊन बसला?" टोपण उघडं ठेवून, हीटर पूर्ण लावून इंजिन चालवलं. आतली हवा बुडबुड्यांनी निघाली, पंखा फिरला, थांबला, परत फिरला. परत तो पंप लावला. मी हवा मारली. या वेळी काही फुगलं नाही.

"चालतंय," बबनभाऊ म्हणाले. "पन ह्यो टाका हाय. नगरला गेला की नवा टाका. आन् काका, तिथल्या मिस्त्रीनं इचारलं तर झाडं दावू नका."

आक्काच्या दारात पोचलो तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. आक्का उंबऱ्यात कंबरेवर हात ठेवून. गावात या दिवसांत माणसं असतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आलेली, ओट्यांवर गर्दी, आणि आमच्या उशिराची बातमी सगळ्यांना. औक्षणाच्या ताटात हळद नव्हती. आक्काने विचारलं, "हळद कुठंय?" सुनंदाने गाडीकडे बोट दाखवलं. मग सगळी हकिगत सांगायला लागली. मी म्हणालो, "थांब, मी सांगतो," आणि ओट्यावरच्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितली. आक्का हसता हसता भिंतीला टेकली.

"मुक्या, लहानपनापासून तुझं तेच. बोलायचं तिथं झाडं बघतो."

धोंडे गरम होते. तूप सोडून, वर गुळवणी. त्याआधी येसर आमटी आणि बाजरीची भाकरी, आणि माझ्यासाठी वेगळे शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळून शिजवलेल्या कड्या), कारण आक्का मला अजून लहानच समजते. अमोलरावांना तिने कपडे केले, टोपी घातली, शेजारणीकडची हळद लावली. ते जेवले, पण मधूनच फोन बघत होते. निघताना मी आक्काला म्हणालो, "एक डबा वेगळा भर."

परतीला घाट चढायचा होता. गाडीत गार हवा होती आणि या वेळी चौघंही उघड काट्याकडे बघत होते. टपरीवाल्यांनी लांबूनच हात केला. काटा मधोमध. घाट संपल्यावर अमोलरावांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"नगरपर्यंत तुम्ही चालवा, मामा."

"नको."

"चालवा. आरशात नका बघू फक्त."

मागे रोहिणी खुसखुसली. मी चालवली.

सचिनचं घर सावेडीत, खालच्या मजल्यावर. ठरल्याप्रमाणे डबा घेऊन पुढे मी. दार त्यानेच उघडलं. हसरा असावा, पण तेव्हा हसत नव्हता. मी फोनवर बोललो होतो ते त्याच्यासमोर पुन्हा बोललो, आणि म्हणालो, "मी गप्प बसलो म्हणून तुमच्यावर आळ आला. माझी चूक आहे." तो "अहो काका, असं काय," म्हणाला, डबा घेतला, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. अमोलराव फाटकाशी उभे होते. तो पायरी उतरून त्यांच्या बाजूने सरळ गाडीपाशी गेला, गुडघे टेकून बंपरखाली बघितलं, हात फिरवला.

"चार वर्षं मी हिला ओरखडा येऊ दिला नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तू महिन्यात सासऱ्याच्या हातात दिलीस."

"मी दिली नाही. त्यांनी नेली," अमोलराव म्हणाले. मग म्हणाले, "सच्या, मी चुकलो."

सचिन उठला, गुडघे झटकले. "उद्या ये. नवा रेडिएटर बसवायला मी बरोबर येतो. तुला एकट्याला कुणीही फसवेल." आणि डबा उघडून तिथेच, गाडीला टेकून, एक धोंडा तोंडात घातला. तोंड भरलेलं असताना तो काहीतरी म्हणाला, ते कुणालाच कळलं नाही, पण अमोलराव हसायला लागले.

मायलेकींनी फाटकाशी निरोप घेतला, आणि मी नि सुनंदा एसटीने सुप्याला आलो. खिडकीशी बसून मला वाटत राहिलं की आम्ही माणसं मान राखायला म्हणून गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याचा भार कुणीतरी लांबचाच उचलतो. मग पवनचक्क्या दिसल्या आणि सुनंदाने जागं केलं, म्हणजे मला झोप लागली होती. दोन दिवसांतली पहिली.

गल्लीत ट्रॉली तशीच होती, दांडी पुढे काढून. तात्या ओट्यावर बसले होते. म्हटलं, सुरुवात केलीच आहे तर हेही उरकून घ्यावं.

"तात्या, काल संध्याकाळी तुमच्या ट्रॉलीला माझी गाडी धडकली. म्हणजे जावयाची गाडी."

तात्यांनी तंबाखू चोळायचं थांबवलं नाही. "म्हाइतीय की. आमी समदी हितंच बसल्तो. तुमी रुमालानं पुसत हुता तवा आमची मंडळी म्हणली, बोलू नका, पावणे आल्यात नानांकडं, त्यांना लाज वाटंल."

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "मग निदान दांडी तरी वळवायची."

"वळवली असती तर तुमाला कळलं नसतं का, आमी बघितलंय म्हनून?"

आम्ही दोघं उठलो आणि जोर लावून दांडी भिंतीकडे वळवली. तिच्या लाल टोकाला गाडीचा रुपेरी रंग लागलेला होता, बोटभर. तात्या धोतराच्या सोग्याने तो पुसायला वाकले.

"राहू द्या," मी म्हणालो.